एडिसनमध्ये बसून खेळा, पण डाव लागतो अटलांटिक सिटीत

न्यू जर्सीत नवीन आलेले आपले लोक हमखास विचारतात, इथे ऑनलाइन पोकर लीगल आहे ना, मग पाथ ट्रेनने मॅनहॅटनला उतरलं की ॲप का बंद पडतं? जर्सी सिटीत ग्रोव्ह स्ट्रीटला टेबल चालू असतं, नदी ओलांडली की तुम्ही राज्याबाहेर आहात म्हणून मेसेज. सरळ उत्तर एवढंच की न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन पोकरला परवानगी नाही. पण त्यामागची गोष्ट खूप जुनी आहे आणि ती सगळी एकाच गावाभोवती फिरते.

ते गाव म्हणजे न्यू जर्सीच्या समुद्रकाठची अटलांटिक सिटी. मोनोपोलीच्या पटावरचे बोर्डवॉक, पार्क प्लेस इथलेच, आपण लहानपणी खेळायचो तो व्यापार त्याच धर्तीवरचा. एकेकाळी फिलाडेल्फिया न्यूयॉर्कची माणसं सुट्टीत इथे समुद्रावर यायची, मग विमानं आली, लोक फ्लोरिडाला जायला लागले, गावाला उतरती कळा लागली. गाव सावरायला कॅसिनो आणू असं ठरलं खरं, पण जुगाराला बंदी थेट राज्याच्या घटनेत, म्हणून प्रत्येक प्रकारासाठी लोकांचं मत घ्यायला लागायचं, घोड्यांच्या शर्यती १९३९ ला, बिंगो १९५३ ला, लॉटरी १९६९ ला असं एकेक. १९७४ ला राज्यभर कॅसिनो चालतील का विचारलं, लोकांनी साफ नाही म्हटलं. १९७६ ला प्रश्न बदलला, कॅसिनो फक्त अटलांटिक सिटीत आणि कराचा पैसा म्हाताऱ्या आणि अपंग लोकांसाठी, तेव्हा पास झालं. २६ मे १९७८ ला पहिला कॅसिनो उघडला, रिसॉर्ट्स इंटरनॅशनल, आत शिरायला बोर्डवॉकवर ही रांग.

ते ‘फक्त अटलांटिक सिटीत’ लक्षात ठेवा, पुढे सगळं तिथेच अडलं.

२००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेला पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला, मग काय, जो तो ऑनलाइन पोकरवर. २००६ ला केंद्राने बेकायदा ऑनलाइन जुगाराच्या पैशांचे व्यवहार करायला बंदी घातली. तरी काही मोठ्या साइट चालूच राहिल्या आणि १५ एप्रिल २०११ ला न्यायखात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट, ॲब्सोल्यूट पोकर यांच्यावर एकदम कारवाई केली. फुल टिल्टवर अमेरिकेतल्या ज्यांचे पैसे होते त्यांना परतफेड सुरू व्हायला २०१४ उजाडलं. म्हणून मी कळकळीने सांगते, परवाना नसलेल्या परदेशी साइटवर एक डॉलरही ठेवू नका.

२०११ च्याच डिसेंबरात न्यायखात्याने जाहीर केलं की फोन-तारेवरून बेटिंगला बंदी घालणारा १९६१ चा वायर ॲक्ट फक्त खेळांवरच्या बेटिंगला लागू, म्हणजे पोकरचं राज्यांनी आपापलं बघावं. न्यू जर्सीत राज्याचे सिनेटर रेमंड लेस्नियाक ऑनलाइन जुगार लीगल करायच्या आधीपासून मागे लागलेच होते, पण २०११ च्या मार्चमध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी त्यांचं बिल परत पाठवलेलं, अडचण तीच, लोकांनी परवानगी दिली अटलांटिक सिटीपुरती आणि तुम्ही खेळणार राज्यभर घरी बसून, ते घटनेत बसतं का? तोडगा असा निघाला की सर्व्हर अटलांटिक सिटीत ठेवायचा, परवाना तिथल्याच कॅसिनोला, आणि डाव सर्व्हर आहे तिथे लागला असं कायद्याने मानायचं. म्हणजे तुम्ही एडिसनला सोफ्यावर बसून पैसे लावता, कायद्याच्या लेखी तो डाव समुद्रकाठी लागतो. २६ फेब्रुवारी २०१३ ला ख्रिस्टींनी सही केली, कर १० वरून १५ टक्के करून आणि दहा वर्षांची मुदत घालून, आणि नोव्हेंबरमध्ये साइट सुरू झाल्या. वय २१ पूर्ण हवं आणि फोनचं लोकेशन राज्यातलं हवं. सुरुवातीला तर राज्यात बसलेल्यांनाही ॲप बाहेरचं समजायचं आणि बऱ्याच बँका कार्डच नाकारायच्या.

गावाला मात्र लगेच हात मिळाला नाही, २०१४ मध्ये चार कॅसिनो बंद पडले, हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेजारी पेनसिल्व्हेनियात कॅसिनो झाल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळलं होतं. पोकरला एका राज्याचे खेळाडू पुरेनात, म्हणून २०१८ च्या मे महिन्यात नेवाडा आणि डेलावेअरबरोबर टेबलं जोडली, म्हणजे तिन्ही राज्यांतले लोक एकाच टेबलावर खेळू लागले. २०२३ ला दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा ती आणखी पाच वर्षं वाढवली.

मधे २०१६ ला राज्याच्या उत्तर भागात कॅसिनो चालतील का म्हणून परत मतदान झालं, तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. त्यामुळे कॅसिनो अजून अटलांटिक सिटीतच आहेत.