मोठ्या देणगीची मागणी

सार्वजनिक कामासाठी एखाद्या व्यक्तीकडे, घराण्याकडे किंवा उद्योगाकडे समोर बसून, आकडा सांगून मोठी रक्कम मागण्याची रीत. वर्गणीपेक्षा ती वेगळी. वर्गणीला पावतीपुस्तक घेऊन दारोदार जायचे असते आणि ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हटलेले चालते. मोठ्या देणगीत मात्र हेच वाक्य नडते: पाच लाख सहज देऊ शकणारा गृहस्थ ते ऐकून पाच हजारांचा चेक लिहितो आणि आपले झाले असे समजतो. त्याचा दोष नाही, त्याला कोणी नेमके मागितलेलेच नसते.

महाराष्ट्रात या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या अबोल माणसाने १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळच्या हिंगण्याला सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले, तेव्हा १९०० मध्ये आश्रम तिथे एका झोपडीत गेला. कॉलेज सुटले की कर्वे पायी हिंगण्याला जात आणि सुट्टीत गावोगाव फंड गोळा करत. वक्तृत्व त्यांच्याकडे नव्हते. पण स्वतः विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसलेला माणूस विधवांसाठी मागत होता, आणि हे समोरच्याला ठाऊक असे. मागणाऱ्याचा आत्मविश्वास येतो तो इथून. आवाज चढवून तो आणता येत नाही.

१९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. त्यामागे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका होती. पुढे मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले, तेच विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १९२० मध्ये आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. पुढे १९२९ ते १९३२ या काळात, सत्तरी उलटल्यावर, कर्वे युरोप, अमेरिका आणि आफ्रिका फिरले. आफ्रिकेतल्या भारतीयांकडून त्यांना सुमारे ३४ हजार रुपये मिळाले. ती रक्कम कमी मोलाची नव्हे. पण इमारत आणि कायम निधी कशाच्या बळावर उभा राहतो हे या दोन आकड्यांवरून कळते.

प्रत्यक्ष मागण्याआधीचे काम लांबलचक असते. दात्याला संस्थेत बोलवावे, मुलींच्या वर्गात बसवावे, हिशेबाची वही पुढे ठेवावी. विश्वस्तांनी आपला आकडा आधी टाकलेला असावा. ‘तुम्ही स्वतः किती दिलेत?’ हा प्रश्न हमखास येतो. मग एकाच कामाचे नाव घेऊन एकच रक्कम सांगावी: ‘वसतिगृहाच्या या मजल्याला चाळीस लाख लागतील, ते आपण द्यावेत अशी विनंती आहे.’ एवढे बोलून थांबावे. सर्वांत अवघड जागा हीच. शांतता सहन न होऊन कार्यकर्ता स्वतःच ‘निदान निम्मे तरी’ म्हणून बसतो, आणि समोरचा विचार करत असतानाच रक्कम अर्धी होते. नकार आला तर रक्कम जड वाटली, काम पटले नाही की वेळ चुकली, हे मोकळेपणाने विचारावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०-जी मध्ये दात्याला सवलत होती, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. अशा कंपनीकडे जाताना तिचे अंदाजपत्रक कधी ठरते हे आधी पाहावे.

देणगी आल्यावर नाते संपवण्याची चूक अनेक संस्था करतात: कोनशिला बसते, हार घातला जातो, पुढे वार्षिक अहवालसुद्धा पाठवला जात नाही. ठाकरसी घराण्याचे तसे झाले नाही. सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी विद्यापीठाच्या कामात राहिल्या आणि त्याला कायद्याने मान्यता मिळाल्यावर त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.