फ्लॅश मेमरीतील लेखनतंत्रे

फ्लॅश आणि ईईप्रॉम या वीज गेल्यावरही मजकूर जपणाऱ्या मेमरी चिप आहेत. त्यांच्यात माहिती कमी वेळात, कमी झीज होऊ देऊन आणि मध्येच वीज गेली तरी न बिघडता उतरवण्याच्या पद्धती म्हणजे लेखनतंत्रे. मोबाइल, पेन ड्राइव्ह, एसएसडी, वीजमीटर, वॉशिंग मशीन, मोटारीतला पडदा, सगळीकडे याच चिप असतात. त्यांतून वाचणे सोपे असते. लिहिणे मात्र कित्येक पट सावकाश होते आणि दर वेळी चिपचे थोडे आयुष्य घेऊन जाते. संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीची, म्हणजे रॅमची, सवय असलेल्या प्रोग्रॅमरच्या हे पटकन ध्यानात येत नाही, कारण रॅममध्ये कुठेही, कितीही वेळा लिहिलेले चालते.

या चिपच्या मुळाशी तरंगते गेट आहे. बेल प्रयोगशाळेत डॉवन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये ही कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरच्या आत, चहूबाजूंनी विद्युत्‌रोधक ऑक्साइडने वेढलेल्या वाहक थरात इलेक्ट्रॉन कोंडले की ते वर्षानुवर्षे तिथेच राहतात. १९७१ मध्ये इंटेलच्या डॉव्ह फ्रोमन यांनी केलेली ईप्रॉम चिप पुसायला तिच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील किरण पाडावे लागत. पुढे तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी विजेनेच एकदम मोठा भाग पुसणारी रचना १९८४ मध्ये आणि तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे ठेवला. पुसण्याची ही क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी वाटते म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. नावातच पुसणे आहे, हे मला फार समर्पक वाटते. या चिपची सगळी अडचण पुसण्यातच आहे.

पुसलेल्या जागेतला प्रत्येक बिट १ असतो. लिहिणे म्हणजे हवे तिथे १ चा ० करणे. उलट, ० चा पुन्हा १ करायचा तर एकट्यादुकट्या बिटाला हात लावता येत नाही. पाटीवरचे एक अक्षर बोटाने पुसता येते, इथे एका अक्षरासाठी अख्खी पाटी पुसावी लागते. नँड चिपमध्ये लिहिण्याचे एकक ‘पेज’ आणि पुसण्याचे एकक ‘ब्लॉक’. दर सेलमध्ये, म्हणजे एका तरंगत्या गेटच्या ट्रान्झिस्टरमध्ये, एकच बिट साठवणाऱ्या पूर्वीच्या एका सामान्य नँड चिपमध्ये पेज २,०४८ बाइटचे आणि ब्लॉक ६४ पेजेसचा असे. पेज वाचायला सुमारे २५ मायक्रोसेकंद, लिहायला २०० आणि ब्लॉक पुसायला दीड ते दोन मिलिसेकंद लागत. इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधून पार करायला वीस व्होल्टच्या आसपासचा दाब द्यावा लागतो आणि दर खेपेला ऑक्साइड थोडा खराब होतो. म्हणून अशा चिपची हमी सुमारे एक लाख पुसण्यांची असते. एका सेलमध्ये तीन बिट साठवायचे तर विद्युत्‌भाराच्या आठ पातळ्या आणि चार बिटांसाठी सोळा पातळ्या एकमेकींत न मिसळता ठेवाव्या लागतात. त्यासाठी चिप एकदम मोठा धक्का देत नाही. लहान स्पंद देते, पातळी तपासते, दाब किंचित वाढवून पुन्हा स्पंद देते. दाटी जितकी जास्त, तितक्या पायऱ्या जास्त आणि लेखन तितके सावकाश. हमीही काही हजार किंवा त्याहून कमी पुसण्यांवर येते.

लहान चिपवरचे लेखन : हे सगळे हाताशी पाहायचे तर आर्डुइनो उनो या शिकणाऱ्यांच्या बोर्डावरचा एटीमेगा ३२८ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, घ्यावा. त्यात १,०२४ बाइटची ईईप्रॉम असते आणि तिची हमी एक लाख लेखनांची आहे. एखाद्या विद्यार्थ्याने पाण्याच्या टाकीवरच्या मीटरचा आकडा दर सेकंदाला एकाच जागी लिहिला, तर ती हमी २८ तासांच्या आत संपते. आता तोच आकडा आठ बाइटच्या नोंदीत बसवला आणि दर वेळी पुढच्या जागेत लिहिला, तर १२८ जागा मिळतात आणि तेवढीच हमी १४८ दिवस पुरते. सेकंदाऐवजी मिनिटाला एकदा लिहिले, तर ती चोवीस वर्षांच्या पुढे जाते. चिप तीच, खर्च शून्य. सुरू होताना सर्वांत मोठा आकडा शोधला की शेवटची नोंद सापडते. शेवटची नोंद कुठे आहे ते सांगणारा वेगळा खुणेचा बाइट ठेवू नये, कारण मग तोच आधी झिजतो. आर्डुइनोच्या लायब्ररीत ‘राइट’च्या जोडीला ‘अपडेट’ आहे. ते आधी वाचते आणि मूल्य बदलले असेल तरच लिहिते. नवशिक्यांना पहिल्या दिवसापासून ‘अपडेट’च शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या जोडणीवर लावायच्या २४सी२५६ सारख्या वेगळ्या ईईप्रॉममध्ये ६४ बाइटचे पेज असते आणि एका लेखनाला जास्तीत जास्त पाच मिलिसेकंद लागतात. एक बाइट लिहा वा चौसष्ट, वेळ तेवढाच. ६४ बाइट सुटेसुटे लिहिले तर ३२० मिलिसेकंदांपर्यंत जातात, एकगठ्ठा लिहिले तर पाच. मात्र गठ्ठा पेजच्या सीमेपलीकडे गेला, तर उरलेले बाइट पुढच्या पेजमध्ये न जाता त्याच पेजच्या सुरुवातीला येऊन आधीचा मजकूर खोडतात. चिप चुकीची सूचना देत नाही. आर्डुइनोच्या जुन्या बोर्डांवर यात आणखी एक खाच आहे. ‘वायर’ लायब्ररीचा बफर ३२ बाइटचा, त्यातले दोन पत्त्याला जातात, उरतात ३०. तीस-तीसचे गठ्ठे चौसष्टच्या पेजमध्ये सरळ बसत नाहीत. तिसरा गठ्ठा सीमा ओलांडतो आणि बिघाड तिथे सुरू होतो. सोळाचे गठ्ठे पाडले की चारांत पेज पुरे होते. दोन गठ्ठ्यांच्या मध्ये ठरावीक पाच मिलिसेकंद थांबण्यापेक्षा चिपला पुन्हापुन्हा हाक मारावी. लेखन चालू असेतो ती पोच देत नाही, पोच मिळाली की लगेच पुढचा गठ्ठा पाठवावा.

नॉर या फ्लॅशच्या दुसऱ्या प्रकारात १ चा ० करण्याचा नियमच कामाला लावता येतो. चार किलोबाइटच्या सेक्टरमध्ये ३२,७६८ बिट असतात. मोजणीच्या दर टप्प्याला पुढचा एक बिट ० करत गेले, तर तितके टप्पे एकदाही न पुसता मोजता येतात. चिपमध्ये चूकदुरुस्तीचे संकेत आपोआप लिहिले जात असतील, तर ही युक्ती चालत नाही. नँडमध्येही चालत नाही, कारण तिथे पेजेस क्रमाने भरावी लागतात आणि दाट चिपमध्ये एक पेज पुसण्याआधी एकदाच लिहिता येते.

वेग : नँडमधल्या वेगाचे गणित सरळ आहे. वर सांगितलेल्या चिपमध्ये २,०४८ बाइट तारांवरून आत जायला बाइटमागे २५ नॅनोसेकंदांच्या हिशेबाने ५१ मायक्रोसेकंद लागतात, मग लिहायला २००. मिळून २५१, म्हणजे सेकंदाला आठ मेगाबाइटच्या आसपास. एक पेज लिहिले जात असतानाच पुढचे आत घेतले, तर ५१ मायक्रोसेकंद झाकले जातात. चिपचे दोन भाग एकाच वेळी लिहू लागले, तर त्याच २०० मायक्रोसेकंदांत दोन पेजेस होतात आणि वेग सेकंदाला वीस मेगाबाइटवर जातो. एसएसडीत अशा अनेक चिप अनेक वाहिन्यांवर एकाच वेळी राबतात. तिचा वेग मुख्यतः या जोडकामातून येतो, एकट्या चिपच्या चपळाईतून नाही. दाट चिपचा काही भाग तात्पुरता सेलमागे एकच बिट साठवून वापरायचा आणि फुरसतीने तो मजकूर दाट भागात हलवायचा, हीही रूढ युक्ती आहे. मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला सपाट्याने जाणारा वेग मध्येच कोसळतो तो बहुधा हा भाग भरल्यामुळे.

कीर्द आणि खतावणी : जुनी नोंद जागच्या जागी बदलायची, तर एका पेजसाठी ६४ पेजेसचा ब्लॉक बाहेर काढून, पुसून, पुन्हा लिहावा लागेल. यावरचा उपाय पेढीवरच्या कारकुनाला ओळखीचा आहे. कीर्दीत खाडाखोड करत नाहीत. नवी नोंद खाली लिहितात आणि कोणती नोंद कुठे आहे ते खतावणीत पाहतात. मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९० च्या सुमारास हार्ड डिस्कसाठी अशीच फाइल-व्यवस्था मांडली होती. फ्लॅशला ती अधिक शोभली. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीची जेएफएफएस आणि सॅमसंगची एफटूएफएस या तिच्याच वाटेवरच्या. एसएसडी आणि पेन ड्राइव्हमध्ये ही खतावणी आतला नियंत्रक सांभाळतो. संगणकाला वाटते आपण तिथेच लिहिले, प्रत्यक्षात पेज दुसरीकडे गेलेले असते.

बाद झालेल्या नोंदींची जागा कधीतरी मोकळी करावीच लागते आणि खरा खर्च तिथे आहे. ६४ पेजेसच्या ब्लॉकमध्ये ४८ पेजेस अजून कामाची असतील, तर ती दुसरीकडे नकलून फक्त १६ मोकळी होतात. म्हणजे १६ पेजेसच्या मजकुरासाठी चिपवर ६४ लिहिली गेली, चौपट. कामाची पेजेस १६ च असती, तर हा आकडा १.३३ वर आला असता. म्हणून डिस्क काठोकाठ भरू नये, कारखान्यातच काही जागा राखून ठेवतात, आणि काढून टाकलेल्या फाइलींची वर्दी ‘ट्रिम’ आज्ञेने नियंत्रकाला देतात. विंडोज ७ पासून ही सोय सर्वसामान्यांपर्यंत आली. लवकर बदलणारा आणि क्वचित बदलणारा मजकूर वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवला, तर ब्लॉक एकदम बाद होतात आणि नकला वाचतात. याउलट, न बदलणाऱ्या मजकुराखालचे ब्लॉक कोरेकरकरीत राहून बाकीचे झिजू नयेत म्हणून तोही अधूनमधून हलवावा लागतो.

वीज मध्येच गेली तर अर्धवट पेज उरते. त्यामुळे नोंद पूर्ण उतरली की नाही ते ओळखता यावे म्हणून तिच्यासोबत तपासणी-संकेत लिहितात, आणि नवी नोंद पूर्ण उतरल्याची खात्री होईपर्यंत जुनी पुसत नाहीत.

लेखनाकडे दुर्लक्ष झाले की काय होते ते टेस्लाच्या गाड्यांत दिसले. मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या २०१८ च्या सुरुवातीपर्यंतच्या अनेक गाड्यांत मधल्या पडद्यामागच्या संगणकाला ८ गिगाबाइटची फ्लॅश होती. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने तिची मर्यादा सुमारे ३,००० पुसण्यांची सांगितली. म्हणजे झीज अगदी सारखी वाटली गेली तरी सारे मिळून २४,००० गिगाबाइट लिहून ती संपणार. पाच वर्षांत संपायला दिवसाला १३ गिगाबाइट पुरतात, आतल्या नकला धरून. पाच-सहा वर्षांत चिप थकत गेल्या, पडदे काळे झाले, मागच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसेना, आणि २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. बदली चिप ६४ गिगाबाइटची होती. त्याच वेगाने लिहिले तरी झीज तिच्यावर आठपट जागेत वाटली जाते.