नुसते ‘नव्वद नंबर’ पुरत नाही: जुन्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचे ऑइल

दुकानात ‘नव्वद नंबर द्या’ म्हटले की गिअर ऑइलचा डबा समोर येतो. पन्नास-साठ वर्षांहून जुन्या गाडीसाठी ही मागणी अर्धीच आहे. ९० किंवा १४० हा आकडा फक्त दाटपणा सांगतो, आणि तोही फसवा. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी असल्याने त्यातले ९० नंबर हे इंजिनच्या ४० किंवा ५० नंबर ऑइलइतकेच दाट असते. डब्यावरची दुसरी खूण म्हणजे जीएल (गिअर ल्युब्रिकंट) हा दर्जा: जीएल-१, जीएल-४ किंवा जीएल-५. दातांमधला दाब आणि घसट ऑइल किती सोसेल हे ती सांगते; आकडा मोठा तितके जास्त. जुना ॲक्सल टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा तिच्यावरच ठरते.

कोणती खूण हवी हे ॲक्सलमधल्या गिअरच्या जातीवर ठरते, म्हणून आधी गाडीखाली वाका. टेल पिनियनचा (इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट ज्या छोट्या गिअरला फिरवतो त्याचा) मध्य चाकांच्या मध्यरेषेच्याच पातळीत असेल, तर तो स्पायरल बेव्हल. १९२८ ते १९३१ ची फोर्ड मॉडेल ए आणि १९४५ ते १९४९ ची एमजी टीसी या जातीच्या. पिनियन मध्यरेषेच्या खाली उतरलेला असेल, तर तो हायपॉइड. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास तो मोटारीत आणला. प्रॉपेलर शाफ्ट खाली गेल्याने गाडीचा तळ खाली घेता आला. टीसीनंतरची एमजी टीडी आणि आपली अँबॅसडर, दोन्ही हायपॉइड. तिसरी जात विरळा: प्यूजो ४०३ आणि ४०४ सारखा वर्म ड्राइव्ह. त्यात पोलादी वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा) कासे धातूचे चाक फिरवतो.

स्पायरल बेव्हलचे दात एकमेकांवर मुख्यतः लोळतात, त्यामुळे ऑइलचा थर टिकतो. हायपॉइडमध्ये ते लांबीच्या दिशेनेही घासत जातात. दाब इतका असतो की थर फाटतो, धातूला धातू भिडतो आणि टेकलेले उंचवटे क्षणभर प्रचंड तापतात. ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे अतिदाब सोसणाऱ्या) ऑइलमधली गंधक आणि फॉस्फरसची संयुगे याच क्षणाची वाट पाहत असतात. त्या उष्णतेत ती लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर बनवतात. झिजतो तो थर, दात नाही. ईपी नसलेले ऑइल हायपॉइडमध्ये घातले, तर दात एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात. क्राउन-पिनियन (मोठे दातेरी चाक आणि पिनियन यांची जोडी) एकदा ओरबाडला की नंतर कितीही चांगले ऑइल घाला, त्याचे रडणे थांबत नाही.

उलट बाजूची चूक, म्हणजे कासे-पितळेचे भाग असलेल्या ठिकाणी तीव्र ईपी ऑइल घालणे, सावकाश नुकसान करते. तीव्र गंधक कासे-पितळेलाही खाते: आधी रंग काळवंडतो, मग पृष्ठभाग झडू लागतो. ऑइलच्या माहितीपत्रकात एएसटीएम डी-१३० ही तांब्याच्या पट्टीची चाचणी शोधा. १ए किंवा १बी म्हणजे पट्टीचा रंग जेमतेम बदलला. ४ म्हणजे ती काळी पडली.

आमचा सल्ला असा. मॉडेल ए साठी मूळ शिफारस ६००डब्ल्यू या वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडर ऑइलची होती. आज जीएल-१ किंवा जीएल-४ मधले १४० नंबर चालते. १९५० च्या दशकातल्या हायपॉइडला जीएल-४ मधले ९० किंवा ८०डब्ल्यू-९० पुरते, जीएल-५ ही चालते. त्यापुढच्या हायपॉइडला थेट जीएल-५. वर्म ड्राइव्हला जीएल-५ मुळीच नको. उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे, कासे धातूला सुरक्षित ऑइलच शोधा. आणि ॲक्सलचे उरलेले जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका: गिअर बदलताना दोन गिअरचा वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला पकड लागते, आणि ते ऑइल तिला निसटवते.

बदलताना गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून ऑइल गरम करा आणि ती सपाट जागी उभी करा. आधी भरायचा प्लग सोडवा. तो गंजून अडकलेला निघाला आणि तळचा प्लग आधीच उघडलेला असेल, तर हाती रिकामा ॲक्सल उरतो. निघालेले ऑइल पांढऱ्या थाळीत पाहा. करडी बारीक पेस्ट नेहमीची. टोचणारे तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग तुटते आहे. सोनेरी कण कासे धातूचे. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले: ॲक्सलचे तापलेले कवच पाण्यात अचानक थंड झाले की ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवेच्या बारीक छिद्रातून) ओलावा आत ओढला जातो. धुवायला रॉकेल नको. ते बेअरिंगमध्ये साचून नवे ऑइल पातळ करते.

भरताना भोकाच्या खालच्या काठापर्यंतच भरा आणि जादा ऑइल ठिबकून थांबेपर्यंत थांबा. मॉडेल ए ला साधारण एक लिटर लागते. जास्त भरले, तर ते ॲक्सलच्या नळीतून ब्रेक शूवर येते. ब्रीदर तुंबलेला असला, तर पातळी बरोबर असूनही तेच होते, आणि दोष उगाच ऑइल सीलवर जातो. तेव्हा सील मागवण्याआधी ब्रीदर तारेने मोकळा करा, शंभर किलोमीटर गाडी चालवा आणि मागचा ड्रम उघडून पाहा.