सांगलीचे राजे गेले आणि नाटकाला तिकीट लागलं

कलाकारांच्या मानधनाचा विषय निघाला की सरकारने कलेवर पैसे का घालवायचे हा वाद हमखास होतो, आणि लोक असं बोलतात की जणू ही आत्ताचीच फॅशन आहे. अहो आपल्या सांगलीत ही भानगड १८४३ पासूनची आहे. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे नाटकाचे खेळ संस्थानात झाले, सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना ते आवडले, आणि पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना त्यांनी असलं काहीतरी मराठीत करायला सांगितलं. झालं, 'सीता स्वयंवर' उभं राहिलं, ५ नोव्हेंबरला, म्हणून तर तो मराठी रंगभूमी दिन.

पण १८५१ ला आप्पासाहेब वारले आणि आश्रय आटला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हणजे आपलं धंदेवाईक नाटक ग्रँट बंद पडल्यामुळे चालू झालं असं मी म्हणतो, नाटकवाल्यांनी चिडू नये.

तिकडे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, १९३८ ला यमाईच्या डोंगरावर म्युझियम बांधलं, ते आता सरकारकडे आहे.

तमाशाचं नशीब मात्र उलटं. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू, ही सगळी आपल्याच जिल्ह्यातली माणसं, पण यांना कुठला राजवाडा? यांचा राजा म्हणजे जत्रेतली पब्लिक. सरकारने पहिल्यांदा नीट लक्ष दिलं ते बंदी घालून, मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या काळात, अश्लील आहे म्हणून. बंदी उठली तीही अटींवर, वग, म्हणजे तमाशातलं नाटक, आधी लिहून तपासून घ्यायचा. आता सोंगाड्या स्टेजवर पब्लिक बघून जे सुचेल ते बोलतो, ते कागदावर कसं लिहिणार बोला.

१९६० ला राज्य झालं, देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ काढलं आणि वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना अध्यक्ष केलं, विश्वकोशाचं कामसुद्धा वाईतूनच चालतं. आता एका माणसाच्या आवडीऐवजी समिती आली, जीआर आले, फाईल आली.

वृद्ध कलावंतांचं मानधन १९५०च्या दशकापासून आहे. आधी अ, ब, क वर्ग होते, २०२४ ला सगळ्यांना सरसकट महिना ५,००० केले आणि योजनेला शाहू महाराजांचं नाव दिलं. चांगलंच झालं. पण अर्जाला कला केल्याचे पुरावे लागतात, कात्रणं, फोटो, सर्टिफिकेट. आमच्याकडचे एक ढोलकीवाले आजोबा, सगळं आयुष्य कनातीत गेलं त्यांचं, ते मला विचारत होते, "बोटांचे घट्टे दाखवले तर चालतील का रे?"