मण्यार की कवड्या?

पावसाळ्यात नाशिकच्या मखमलाबाद-पाथर्डीकडच्या मळ्यांत घरात पट्ट्यांचा साप निघाला की एकजण 'मण्यार!' म्हणून काठी शोधतो, दुसरा 'अहो, कवड्या आहे' म्हणत हाताने उचलायला जातो. पहिल्याच्या घाईत बिनविषारी कवड्या मरतो. दुसऱ्याच्या घाईत, ती विषारी मण्यार निघाली तर, त्याचाच जीव जाऊ शकतो.

मण्यार काळी, निळसर झाक असलेली, तुकतुकीत. पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने. मानेकडे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक. कवड्याचं नेमकं उलट: अंग तपकिरी, पिवळट-पांढरे रुंद पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. पण मण्यारीच्या पिलांना पुढेही पट्टे असतात, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. मण्यारीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, ही खूण पक्की. ती जवळ जाऊन पाहू नका. लांबूनच फोटो काढा, मोठा करून बघा.

कवड्या पालींच्या मागे भिंतीवरही चढतो. मण्यार बहुतेक जमिनीलगत फिरते, उंदीर खाते, दुसरे सापही खाते. कवड्याही त्यातून सुटत नाही.

चावण्यातला फरक मात्र फसवा आहे. कवड्या चिडका, कडकडून चावतो, रक्त येतं, विष नसतं. मण्यार रात्री, खाली झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की अनेकदा खूण दिसत नाही, फारसं दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळ येते आणि घरचे पित्त समजून सोडा देतात. मग पापण्या मिटू लागतात, घोट गिळवत नाही, पुढे श्वास अडतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणं दिसली, तर साप कोणी पाहिलेला नसला तरी १०८ लावा आणि डॉक्टरांना सापाची शंका स्पष्ट सांगा. व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठायला हवं. चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष एकच असतं, म्हणून साप मारून न्यायची गरज नाही.

साप घरातच असेल तर मुलांना बाहेर काढा, लांबून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. मळ्यात, कांदाचाळीजवळ झोपणाऱ्यांनी खाट वापरावी, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.