एका दशकाचा आवाज कसा मोजायचा?

२००० ते २००९ या दशकाची ओळख ठरावी असा रॉक बँड कोणता? कुणी रेडिओहेड म्हणेल, कुणी कोल्डप्ले, कुणी द स्ट्रोक्स, ग्रीन डे, लिंकिन पार्क, नाहीतर आर्क्टिक मंकीज. एकाने नाव घ्यायचा अवकाश, दुसरा ते खोडायला तयारच असतो. हा सगळा आवडीनिवडीचा मामला, त्यात विज्ञानाचं काय काम, असं बहुतेकांना वाटतं. मला मात्र वाटतं की या वादाचा बराचसा भाग तपासून पाहता येतो, आणि तपासल्यावर तो अधिकच रंगतदार होतो.

सुरुवात कानापासून करू. कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१० साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकप्रिय गाण्यांचे जेमतेम ४०० मिलिसेकंदांचे, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही लहान तुकडे त्यांनी श्रोत्यांना ऐकवले. एवढ्या वेळात चाल उलगडत नाही, शब्द कळत नाहीत, ठेकाही धरता येत नाही. तरीसुद्धा पाव हिश्शाहून अधिक वेळा श्रोत्यांनी कलाकार आणि गाणं दोन्ही अचूक सांगितलं. आणि गाणं ओळखता आलं नाही तरी ते साधारण कोणत्या दशकातलं असावं, याचा अंदाज त्यांना येत होता.

मग त्या क्षणभरात कानाला सापडलं तरी काय? स्वराचा पोत. हार्मोनियमवरचा सा आणि बासरीवरचा तोच सा आपण डोळे मिटूनही वेगळे ओळखतो. कारण कोणताही स्वर एकटा येत नाही. २२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २२० कंपनांच्या स्वरासोबत ४४०, ६६०, ८८० अशी उपस्वरांची रांग असते, आणि त्यातला कोणता किती जोरात वाजतो यावर पोत ठरतो. रॉकचं तर सगळं वैभवच या उपस्वरांत आहे. गिटारचा संकेत अॅम्प्लिफायरला पेलणार नाही इतका वाढवला की लहरींचे माथे कापले जातात. असे माथे कापले की मूळ आवाजात नसलेले नवे उपस्वर तयार होतात. ज्याला आपण डिस्टॉर्शन म्हणतो तो गुरगुरणारा, भरलेला आवाज तिथूनच येतो.

२००० नंतरच्या रॉकमध्ये या पोतावर आणखी थर चढले. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमी सुमारे ८२ हर्ट्झला लावतात. लिंकिन पार्कच्या पहिल्या अल्बममधल्या अनेक गाण्यांत ती सैल करून ६९ हर्ट्झच्या आसपास उतरवलेली आहे, त्यामुळे आवाज छातीत बसतो. त्यावर संगणकावर रचलेले ठेके, टर्नटेबलवर घासलेल्या तबकडीचे फटकारे, आणि एकाच गाण्यात रॅप व किंचाळी. शिवाय तो काळ आवाज फुगवण्याच्या चढाओढीचा होता. कंप्रेसर वापरून गाण्यातले मोठे आवाज दाबायचे आणि मग सगळंच गाणं सीडीच्या कमाल मर्यादेपर्यंत उचलायचं, अशी रीत पडली होती. सीडीला सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला उपलब्ध असताना कित्येक अल्बम त्यातला वरचा थोडासाच पट्टा वापरत. २००८ मध्ये मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा नवा अल्बम आला तेव्हा चाहत्यांनीच तक्रार केली की सीडीपेक्षा व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त मोकळी ऐकू येतात. ही चढाओढ संगीताचं नुकसान करणारी होती, असं मला ठामपणे वाटतं. पण दशकाची खूण म्हणून ती कानाला लगेच सापडते.

आता मोठा प्रश्न. एखादा बँड काळ घडवतो, की काळाच्या लाटेवर स्वार होतो? २०१५ साली लंडनमधले संशोधक माथियास माउख, उत्क्रांतीचे अभ्यासक आर्मंड लेरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० या साप्ताहिक यादीतली १९६० ते २०१० दरम्यानची सुमारे १७ हजार गाणी संगणकाला ऐकवली. प्रत्येकाचा ३० सेकंदांचा तुकडा, त्यातले पोत आणि स्वरसंगती. जीवाश्मांवरून प्रजातींचा बदल शोधतात त्याच पद्धतीने त्यांनी संगीत अचानक कधी पालटलं ते शोधलं. तीन वर्षं ठळक निघाली: १९६४, १९८३ आणि १९९१. त्यातला १९९१ चा पालट सर्वांत मोठा, आणि तो रॅप व हिप-हॉपचा. यातली मला सर्वांत धक्कादायक वाटलेली गोष्ट १९६४ ची आहे. बीटल्स त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत उतरले आणि त्यांनी सगळं बदललं, असं आपण मानत आलो. आकडे सांगतात की बदल त्यांच्या आधीच सुरू झाला होता. ब्रिटिश बँडनी त्याला जोर दिला, पण ठिणगी त्यांची नव्हती.

या आकड्यांकडेही डोळसपणे पाहायला हवं. बिलबोर्डने १९९१ मध्ये याद्या तयार करण्याची पद्धतच बदलली. आधी दुकानदार आणि रेडिओ केंद्रं सांगतील त्यावर भिस्त असे, नंतर काउंटरवर स्कॅन होणारी विक्री आणि यंत्राने टिपलेलं रेडिओवरचं वादन मोजलं जाऊ लागलं. आधी कमी मोजले जाणारे प्रकार एकदम वर आले. तेव्हा १९९१ चा पालट किती संगीतातला आणि किती मोजपट्टीतला, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरी मोजपट्टी आपल्या वयाची. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांच्या १९८९ मधल्या अभ्यासात लोकांना सर्वाधिक आवडणारी गाणी ते सरासरी साडेतेवीस वर्षांचे असतानाची निघाली. तरुणपणीच्या आठवणी स्मृतीत जास्त दाटीने साठतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसलेलं आहे. म्हणून १९८० साली जन्मलेल्याने २००० च्या दशकाबद्दल दिलेला निकाल थोडा त्याच्या स्वतःच्या तारुण्याचाही असतो. क्रुमहान्सल यांनीच २०१३ मध्ये दाखवलं की विशीतल्या मुलांना आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही खास जवळची वाटतात. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेला. २००० साली कॉलेजात असलेले पालक आणि त्यांची मुलं एकाच गाण्यावर एकत्र का गातात, याचं उत्तर त्या अभ्यासात आहे.

आणि नशीब? मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली. श्रोत्यांचे गट पाडले. काहींना इतरांनी काय डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना नाही. दर्जात मधोमध असलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, मधल्यांचं मात्र काहीही झालं. म्हणजे प्रसिद्धी हा पुरावा धरला तर त्यात योगायोगाचा वाटा मोठा.

म्हणून मी निकष आवाजाचा धरते. द स्ट्रोक्सचा २००१ चा पहिला अल्बम मला मनापासून आवडतो, पण त्याचा मुद्दाम खरखरीत ठेवलेला आवाज सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्ककडे पाहतो. रेडिओहेडने २००७ मध्ये ‘हवी ती किंमत द्या’ म्हणत अल्बम नेटवर ठेवला आणि विक्रीची रीतच हलवली. त्यांचा आवाज मात्र त्यांचाच राहिला, दशकभर इतर बँडमध्ये पसरला नाही. लिंकिन पार्कचा पहिला अल्बम ऑक्टोबर २००० मध्ये आला आणि २००१ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक विकला गेला. उतरवलेली गिटार, संगणकावरचे ठेके, गच्च दाबलेला आवाज आणि १९९१ नंतर मुख्य प्रवाहात आलेला रॅप, हे सगळं त्यात एका ठिकाणी भेटतं. विक्रीवर मी भर देत नाही, त्या पोतावर देते. २००४ मध्ये त्यांनी रॅपर जे-झीसोबत आपलीच गाणी नव्याने गुंफली, आणि त्यातल्या एका गाण्याला २००६ मध्ये ग्रॅमी मिळालं ते रॅपच्या विभागात.