पूर्वीचे पुणे आणि चाळीस अंश

‘पूर्वी पुण्यात पारा कधी चाळिशी गाठत नसे,’ हा मजकूर दर उन्हाळ्यात फिरतो. वेधशाळेच्या नोंदी मात्र वेगळे सांगतात: ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्याचे कमाल तापमान ४३.३ अंश सेल्सिअस होते.

तरीही वडीलधाऱ्यांची आठवण खोटी ठरत नाही. जाड मातीच्या भिंतींच्या वाड्यात, झाडांच्या सावलीत ज्यांनी दुपार काढली आणि रात्री गच्चीवर अंथरूण टाकले, त्यांना बाहेरचे चाळीस अंश तेवढ्या तीव्रतेने जाणवले नसणार. शिवाय तापमापकातील आकडा हा सावलीतल्या, जाळीदार पांढऱ्या पेटीतल्या हवेचा असतो, घरातल्या गारव्याचा नव्हे. आज सिमेंटच्या भिंती आणि डांबरी रस्ते दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडतात, त्यामुळे दाट वस्तीत पहाटेसुद्धा उकडते. आठवणीतला खरा फरक बहुधा या रात्रींचा आहे.

पडताळणीसाठी एकाच केंद्राच्या नोंदी घ्याव्यात, एखाद्या दिवसाऐवजी तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या ताडून पाहाव्यात आणि किमान तापमान वेगळे तपासावे. मोबाइलवरचा ‘जाणवणारे तापमान’ हा आकडा आर्द्रता आणि वारा धरून काढलेला असतो. तो जुन्या नोंदींशी तोलू नये.

१८९७ चा तो एक दिवस दाखवून तापमानवाढ नाकारणेही तितकेच चुकीचे आहे, कारण भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे.